आकडा, चेहरा, आवाज : पी. साईनाथ यांची पत्रकारिता वाचताना

१

माझ्याकडे अकरा वह्या आहेत. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या, काहींची पाठ उसवलेली. यवतमाळ जिल्ह्याच्या दोन तालुक्यांतल्या गावांमधून मी जात्यावरच्या ज्या ओव्या लिहून घेतल्या, त्या या वह्यांत आहेत. मी विद्यापीठातला माणूस नव्हे. बारावीनंतर शिक्षण सुटलं आणि जिनिंगमध्ये काट्यावर कारकून म्हणून लागलो. कापसाचा हंगाम सरला की हाताला काम नसे. त्या महिन्यांत सायकल, वही आणि तालुक्याचं वाचनालय एवढाच माझा संसार. साने गुरुजींचं ‘स्त्रीजीवन’ तिथेच वाचलं, सरोजिनी बाबर यांची संकलनं वाचली. त्यांत ओव्या विषयवार लावलेल्या होत्या, म्हणून मीही तशाच लावल्या. माहेर, भाऊराया, लेक, पंढरी, सीतेचा वनवास. प्रत्येक विषयाला वेगळ्या शाईचं शीर्षक. कामाची ही शिस्त पाहून मी स्वतःवर खूश असे.

सात-आठ वर्षांपूर्वी एका गावी, एका वयोवृद्ध बाईंना मी वहीतल्या काही ओव्या वाचून दाखवत होतो. एका ओवीशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, “हे त आमच्या धाकट्या जावेचं हाय. पोरगी गेल्यावर थिनंच जोडलं होतं.” मी वही उलटीपालटी केली. ओवी ‘लेक’ या शीर्षकाखाली होती. कोणी सांगितली, कोणत्या गावी, कधी, काही नाही. मुलगी गमावलेल्या एका आईचा शोक मी लेकीच्या कौतुकाच्या ओव्यांत नेऊन बसवला होता, आणि ती आई कोण हे माझ्या अकरा वह्यांपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण पी. साईनाथ यांचं काम मी त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पत्रकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यावर लिहिताना बहुतेक जण शेतीच्या अरिष्टावर लिहितात आणि ते योग्यच आहे. मला मात्र वेगळा प्रश्न पडला होता. दुसऱ्याचं जगणं नोंदवणारा माणूस त्या नोंदीत दुसऱ्याला किती जागा ठेवतो? या प्रश्नाने पाहिलं तर साईनाथांच्या कामात तीन टप्पे दिसतात. पहिल्यात आकडा आहे, दुसऱ्यात चेहरा आणि तिसऱ्यात आवाज. प्रत्येक टप्प्यावर लेखक स्वतः थोडा मागे सरकतो. हे सरकणं त्यांनी ठरवून केलं की कामाच्या ओघात घडलं, हा माझा विषय नाही. ते घडलं आहे, आणि ते पत्रकारितेइतकंच आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासालाही लागू पडतं, असं मला म्हणायचं आहे.

२

साईनाथांचा जन्म १९५७ सालचा, तेव्हाच्या मद्रासचा. माजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्यांचे आजोबा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात इतिहास शिकून १९८० साली ते वृत्तसंस्थेत आले आणि मग मुंबईच्या ‘ब्लिट्झ’मध्ये. करंजियांच्या त्या खणखणीत साप्ताहिकात ते परराष्ट्र घडामोडींचे संपादक आणि उपसंपादक होते. परराष्ट्र पाहणारा हा माणूस १९९३ मध्ये एका पाठ्यवृत्तीवर देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांकडे वळला. रामनाड, पुदुकोट्टई, गोड्डा, पलामू, मलकानगिरी, नुआपाडा, कलाहांडी, कोरापूट, सरगुजा, झाबुआ. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ८४ वृत्तांत आले आणि त्यांतून १९९६ मध्ये पुस्तक झालं. मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आलं आहे.

हे पुस्तक दुष्काळाच्या करुण चित्रणासाठी उघडणाऱ्याची फसगत होते. त्यात रडू कमी आणि हिशेब जास्त. सरगुजा जिल्ह्यातल्या रचकेठा गावाची गोष्ट पाहा. पहाडी कोरवा या आदिवासींच्या विकासाच्या नावाखाली तिथे १७.४४ लाख रुपयांचा रस्ता मंजूर होतो. गावात पहाडी कोरवांचं घर एकच. त्या कुटुंबाच्या नावावर रस्ता होतो. ज्याच्या नावावर तो झाला त्या माणसाला शेताला थोडं पाणी हवं होतं, ते कोणी विचारलं नाही. साईनाथ रागावत नाहीत. ते फक्त रस्त्याचा खर्च आणि लाभार्थी एकाच वाक्यात शेजारी शेजारी ठेवतात. नुआपाड्यातल्या कोमना भागातही तसंच. गोधन सुधारण्यासाठी सरकार संकरित वासरांची योजना आणतं. मिश्रण होऊ नये म्हणून त्या भागातले नामांकित खरियार जातीचे वळू खच्ची केले जातात. दोन कोटींच्या आसपास खर्च होतो, हाती येतात आठ संकरित वासरं आणि भागातली मूळ जात मात्र नाहीशी होते.

मी काट्यावर तीस वर्षं काढली आहेत, म्हणून मला या पुस्तकातला आकडा वेगळा दिसतो. काट्यावरचा आकडा मालाचं वजन सांगतो, तो माल आणणाऱ्याचं काही सांगत नाही. सरकारी फाइलीतला आकडाही असाच असतो. साईनाथांनी त्या आकड्याला माणसाचं अंग दिलं. रामनाडमधल्या ताडी काढणाऱ्याबद्दल लिहिताना ‘फार कष्टाचं काम’ म्हणून ते मोकळे होत नाहीत. तो रोज किती झाडांवर किती वेळा चढतो याची बेरीज करून ते सांगतात, की ही चढउतार अडीचशे मजल्यांच्या इमारतीचे जिने रोज चढून उतरण्यासारखी आहे. गोड्ड्यात सायकलवर अडीचशे किलो कोळसा लादून ती कित्येक किलोमीटर ढकलत नेणाऱ्यांची मजुरीही ते अशीच अंतराने भागून दाखवतात. वाचणाऱ्याची पोटरी दुखली पाहिजे, असा तो हिशेब.

पण या टप्प्याची मर्यादाही इथेच आहे. या पुस्तकातला विनोद तिखट आहे आणि तो बहुतेक ठिकाणी लेखकाचा आहे. शीर्षकं त्याची, उपरोध त्याचा, अखेरचा फटका त्याचा. वाचक लेखकाबरोबर व्यवस्थेला हसतो. ज्याच्यावर रस्ता लादला गेला तो मात्र या हसण्यात क्वचितच सहभागी असतो. अपवाद आहेत आणि ते अपवादच पुस्तकाचा कणा आहेत. पलामूत दुष्काळनिधीला ‘तिसरं पीक’ म्हणत. खरीप एक, रबी दोन आणि दुष्काळाचा निधी हे तिसरं. या पिकाची पेरणी कोण करतो आणि कापणी कोण, हे तिथे सर्वांना माहीत. साऱ्या पुस्तकाचं सार या दोन शब्दांत आहे आणि ते शब्द साईनाथांचे नाहीत, तिथल्या माणसांचे आहेत. साईनाथांनी ते ऐकले आणि पुढची सगळी मांडणी त्यांच्या आधाराने केली. चांगला वार्ताहर आणि मोठा वार्ताहर यांत मी फरक करायचा झाला तर इथे करीन. मोठ्याला आपल्यापेक्षा चांगलं वाक्य ऐकू येतं, आणि तो ते झाकत नाही.

३

विदर्भात साईनाथांचं नाव घराघरांत पोचलं ते पुढच्या दशकात. २००४ पासून दहा वर्षं ते ‘द हिंदू’चे ग्रामीण घडामोडींचे संपादक होते आणि आमच्या जिल्ह्यात त्यांच्या फेऱ्या वाढल्या होत्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा त्या काळात आमच्याकडे बातमीचा विषय उरला नव्हता, रोजचा झाला होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीचा साईनाथांनी चिकाटीने पाठपुरावा केला. १९९५ ते २०१० या सोळा वर्षांत देशात अडीच लाखांहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले पन्नास हजारांवर एकट्या महाराष्ट्रातले. हा आकडा आज भाषणांत सर्रास येतो. तो जनतेसमोर आणून तिथे टिकवून ठेवण्यात त्यांच्या लेखनाचा वाटा मोठा आहे.

मला इथे त्या मोठ्या आकड्यापेक्षा त्यातली गळती महत्त्वाची वाटते. या मोजणीत कोण बसत नाही, हे साईनाथ पुन्हा पुन्हा सांगत राहिले. जमीन नावावर नसलेली बाई शेतात राबून मेली तरी ती ‘शेतकरी’ ठरत नाही, ती ‘शेतकऱ्याची बायको’ असते. कूळ, बटईदार, दलित किंवा आदिवासी कसणारा, ज्याच्याकडे सातबारा नाही, तोही वगळला जातो. म्हणजे आकडा वापरणाऱ्या या पत्रकाराला आकड्यावरचा अविश्वासही ठाऊक होता.

२००६ मध्ये मुंबईत लॅक्मे फॅशन वीक झाला. सुती कपडे हा त्याचा विषय होता. त्याच्या वार्तांकनासाठी ५१२ पत्रकारांना प्रवेशपत्रं होती. कापूस पिकवणारे त्याच दिवसांत विदर्भात मरत होते आणि त्यावर सलग काम करणारे बाहेरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही तुलना ते सभांमध्ये सांगत. दीपा भाटिया यांच्या २००९ च्या ‘नीरोज् गेस्ट्स’ या माहितीपटाच्या गाभ्याशीही हाच प्रश्न आहे. नीरोने मेजवानीत उजेड पडावा म्हणून कैदी जाळले, अशी कथा टॅसिटसने सांगितली आहे. साईनाथांचा प्रश्न नीरोबद्दल नाही. त्या मेजवानीला आलेले पाहुणे कोण होते, हा तो प्रश्न आहे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी हे प्रथम वाचलं तेव्हा शेजारच्या टेबलावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. पाहुण्यांत मीही आलोच की, असं वाटून गेलं.

४

दुसरा टप्पा छायाचित्रांचा. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरताना साईनाथांनी स्वतः काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रांतून ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन तयार झालं. काम दिसतं, ते करणारी बाई दिसत नाही, असा त्याचा आशय. वीटभट्टी, कोळसा, भाताची लावणी, सरपण, पाणी, बाजार. एका फलकावर दोन-चार छायाचित्रं आणि खाली मजकूर. ते कलादालनापुरतं ठेवलं नाही. बसस्थानकं, कारखान्यांची फाटकं, शेतमजुरांचे मेळावे अशा ठिकाणी ते उभं राहिलं. ज्यांची चित्रं काढली त्यांच्यासारख्याच बायांनी ते पाहिलं.

त्यातलं एक छायाचित्र मी वारंवार पाहत आलो आहे. ओडिशातलं, रायगडा भागातलं. जमीनमालक फोटोसाठी ताठ, अभिमानाने उभा आहे. त्याच्या मागे त्याच्याच शेतात बाया कमरेत वाकून लावणी करताहेत. मालक मजुरी सांगतो एक आणि बाया सांगतात त्याहून कमी. एवढाच मजकूर. पण चित्रात उभी रेघ एकच आहे आणि आडव्या, वाकलेल्या रेघा अनेक. जमीन कोणाची आणि श्रम कोणाचे, हे सांगायला दुसरं काही लागत नाही. या फलकाचा विषयच जन्मभर वाकणं हा आहे. पेरणी करणाऱ्यांत ७६ टक्के स्त्रिया, लावणी करणाऱ्यांत ९० टक्के, असे आकडे खाली येतात. आकडा इथेही आहे, पण आता तो चित्राच्या खाली बसला आहे.

चित्रकलेच्या जाणकारांना इथे फ्रेंच चित्रकार मिले आठवेल. त्याच्या १८५७ च्या चित्रातही कापणीनंतरच्या शेतात सर्वा वेचणाऱ्या तीन बाया वाकलेल्या आहेत. त्यांना लाभलेली भव्यता पाहून तेव्हाचे पॅरिसचे प्रतिष्ठित बिथरले होते. साईनाथांची चित्रं अशी भव्यता देत नाहीत. त्यांची चौकट बऱ्याचदा साधी, कधी कधी गचाळसुद्धा. छायाचित्रकलेच्या काटेकोर कसोट्यांवर काही चित्रं उतरणार नाहीत. माझ्या मते हे त्यांच्या फायद्याचंच झालं. गरिबीचं चित्र फार देखणं झालं की पाहणारा चित्राचं कौतुक करतो आणि पुढे जातो. इथे ते जमत नाही, कारण खालचा मजकूर मजुरीचा भाव विचारत उभा असतो.

तरीही माझी एक तक्रार आहे. या प्रदर्शनातल्या बाया बोलतात फार कमी. बहुतांश चित्रांत त्या पाठमोऱ्या किंवा वाकलेल्या आहेत. तोच मुद्दा आहे, हे मान्य. पण खालचा मजकूर जवळजवळ सगळा साईनाथांच्या आवाजात आहे. दिसण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला, बोलण्याचा राहिला. याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. मंदीच्या काळात, १९३६ साली, डोरोथिया लँगने एका स्थलांतरित मजूर आईचं छायाचित्र काढलं. ते विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रांपैकी एक ठरलं. लँगने त्या बाईचं नाव लिहून घेतलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं आणि तेव्हा ती बाई त्या चित्रावर नाराज होती. आपल्या चेहऱ्याने साऱ्या देशाचं मन हलवलं आणि आपल्याला कोणी काही विचारलं नाही, ही तिची व्यथा होती. लँगसारख्या सहृदय कलावतीच्या हातून जे राहिलं ते माझ्यासारख्याच्या हातून राहिलं यात नवल नाही, अशी मी काही दिवस समजूत काढली. ती टिकली नाही.

५

‘द हिंदू’ सोडल्यावर २० डिसेंबर २०१४ रोजी साईनाथांनी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ सुरू केली. तिला ते जिवंत नियतकालिक आणि संग्रह दोन्ही म्हणतात. ग्रामीण भारतातले व्यवसाय, बोली, कला, गाणी, भांडणं, सगळं तिथे. मजकूर, छायाचित्र, ध्वनी, चित्रफीत, सगळ्या रूपांत. मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवाद. ज्याच्यावर लिहिलं आहे त्याचं गाव आणि जिल्हा नोंदवण्यावर कटाक्ष. आणि लिहिणाऱ्यांत आता एकटे साईनाथ नाहीत, शेकडो जण आहेत.

मराठी वाचकाला तिथे हक्काने थांबावं असं दालन म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचं. हे काम मुळात ‘पारी’चं नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइतवाँ यांनी संघटनेच्या कामातून गावोगावच्या कार्यकर्त्यांना जोडून ते उभं केलं. हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमवल्या. १९९५ नंतर बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या काही हजार ध्वनिमुद्रितही झाल्या. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, पुढे राईरकरही गेल्या. हे भांडार २०१७ पासून ‘पारी’वर येऊ लागलं. नमिता वाईकर आणि त्यांचे सहकारी ते सांभाळतात.

मी ते पहिल्यांदा उघडलं ते भाच्याच्या फोनवर. ओवी ऐकू आली आणि खाली नोंद दिसली. गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलं, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख. मी फोन खाली ठेवला आणि वह्यांच्या कपाटाकडे पाहत बसलो.

आपल्याकडे ओवीच्या अभ्यासाला मोठी परंपरा आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. कमलाबाई देशपांडे यांनी १९४८ साली आपल्या पुस्तकाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असं अर्थपूर्ण नाव दिलं. पुरुषाने न रचलेलं ते अपौरुषेय. पण वेदांना जेव्हा आपण अपौरुषेय म्हणतो तेव्हा त्याला कर्ताच नाही, असं म्हणतो. ओवीच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले. ती बायकांची आहे म्हणता म्हणता ती कोणा एकीची नाही, असं आम्ही धरून चाललो. ‘लोक’ रचतात, ‘परंपरा’ गाते. मग कोणाचं नाव लिहायचं? माझ्या वह्या याच समजुतीवर उभ्या होत्या.

समजूत सर्वस्वी चूक आहे असं नाही. ओवी एकीकडून दुसरीकडे जाते, शब्द बदलतात, भावाचं नाव बदलतं. पण ती ज्या तोंडून बाहेर येते त्या तोंडाला वय असतं, जात असते, किती लेकरं जगली याचा हिशेब असतो. ‘पारी’वरच्या संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या दलित स्त्रिया बाबासाहेबांवर ओव्या गातात. त्याच संग्रहात दुसऱ्या गावच्या बाया विठोबावर गातात. विषयवार लावलं तर एक ‘महापुरुष’ आणि दुसरी ‘भक्ती’ या खणांत जाईल. गाणारी कोण हे शेजारी लिहिलं की मात्र कळतं, की जात्याचा खुंटा धरून एक बाई आपल्या गावाच्या इतिहासावर मत नोंदवते आहे. जात लिहावी की नाही, यावर वाद घालता येईल. मला पूर्वी ते खटकायचं. आता वाटतं, की ती वगळून मी बायांना समान केलं नाही, त्यांच्यातला फरक फक्त पुसून टाकला.

साईनाथांच्या वाटचालीत या दालनाचं महत्त्व मला यामुळे वाटतं. शेतमजूर बाईचं श्रम त्यांनी आधी मोजलं, मग दाखवलं. आता त्याच श्रमाच्या वेळी, पहाटे, दळताना ती काय म्हणत होती, ते आपल्या पत्रकारितेच्या शेजारी आणून ठेवलं. वृत्तपत्रांत शेती हा एक विषय असतो आणि लोकगीत रविवारच्या पुरवणीत जातं. ‘पारी’त कर्जाची बातमी आणि ओवी एकाच घरात राहतात. कला आणि सामाजिक प्रश्न यांची जोडणी करायची असं कोणी ठरवल्यासारखं ते वाटत नाही. बाईच्या जगण्यात त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. वेगळ्या आम्ही केल्या होत्या.

६

यावर काही आक्षेप संभवतात आणि ते टाळता येणार नाहीत. पहिला असा, की जातं गिरणीने संपवलं. ध्वनिमुद्रकासमोर गायलेली ओवी ही दळताना गायलेली ओवी नव्हे. खरं आहे. काही चित्रफितींत बाया जातं समोर ठेवून गातात आणि ते थोडं प्रयोगासारखं दिसतं. दुसरा असा, की पडद्यावरचं हे भांडार गाणाऱ्यांच्या किती कामी येतं? त्याला माझ्यापाशी अर्धंच उत्तर आहे. ‘पारी’ची माणसं दोन दशकांपूर्वीच्या गायिकांना शोधत पुन्हा त्या गावांत गेली. काही भेटल्या, काही गेलेल्या होत्या, काहींच्या लेकी-सुना भेटल्या. संशोधक एकदा साहित्य घेऊन गेला की सहसा परत येत नाही. हे परत जाणं मला साऱ्या तंत्रज्ञानापेक्षा मोलाचं वाटतं.

तिसरा आक्षेप साईनाथांच्या निवडीवर आहे. त्यांची राजकीय दृष्टी स्पष्ट आहे आणि ती काय ऐकायचं हे ठरवते, असं म्हटलं जातं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कुंडलचा प्रसंग मला वेगळं सांगतो. सातारच्या प्रतिसरकारातल्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांना साईनाथ त्यांच्या उतारवयात भेटले. २०२२ च्या ‘द लास्ट हीरोज’ या पुस्तकात ते आहेत, नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटीलही आहेत. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने इंग्रजांच्या पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. त्याला ‘लूट’ म्हणायला कॅप्टन भाऊंची हरकत होती. तो पैसा लोकांचाच होता, इंग्रजांनी तो चोरला होता, आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं. साईनाथांनी ही दुरुस्ती स्वीकारली आणि लेखात ठेवली. इतिहासाच्या विद्यार्थ्याचा शब्द नव्वदी ओलांडलेल्या शेतकरी क्रांतिकारकाने खोडला आणि खोडलेला शब्द वाचकाला दिसू दिला गेला. १९९६ च्या पुस्तकात अखेरचा फटका लेखकाचा असे. इथे तो कॅप्टन भाऊंचा आहे. लेखक मागे सरकला असं मी म्हणतो त्याचा याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नाही.

महाराष्ट्राला हे अगदीच नवं नव्हतं. जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांनी शेतकऱ्याचं घर आतून, भांड्याकुंड्यांसकट दाखवलं होतं. मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवला. खेड्याकडे पाहणारी आणि खेड्यातून बोलणारी पत्रकारिता आपल्याकडे होती. ती मधल्या काळात शहरांत येऊन आवृत्त्यांमध्ये विभागली गेली. मद्रासमध्ये जन्मलेल्या आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाने मराठी ओवीला पत्रकारितेत परत घर द्यावं, याचा आनंद मानायचा की स्वतःकडे बोट दाखवायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

७

गेली काही वर्षं मी वह्या घेऊन त्याच गावांत परत जातो आहे. सायकल सुटली, आता एसटीने. ओव्या वाचून दाखवतो आणि विचारतो, ही कोणाची? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. गाणाऱ्या गेल्या, सुनांनी जातं पाहिलेलं नाही. कधी एखादी म्हातारी दोन ओळींवरच ओळखते आणि मग ओवी बाजूला राहते, त्या बाईचीच हकिगत तासभर चालते. मी तीही लिहून घेतो, समासात जागा उरत नाही म्हणून वेगळ्या कागदावर. आतापर्यंत एकेचाळीस ओव्यांपुढे नाव लिहून झालं आहे. बाकीच्या शेकडोंपुढे जागा कोरी आहे, आणि त्यांतल्या बहुतेक कोऱ्याच राहतील.

ज्या ओवीपासून हे सुरू झालं तिच्यापुढे मात्र नाव आहे. धाकटी जाऊ हयात नाही. तिचा मुलगा शेजारच्या तालुक्यात मजुरी करतो, त्याला मी शोधून काढलं. आईने असं काही जोडलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी वाचून दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडून पेन मागितलं आणि ओवीच्या बाजूला आईचं नाव स्वतःच लिहिलं. त्याच्या खाली बहिणीचं.

‘लेक’ हे शीर्षक मी अजून तसंच ठेवलं आहे. ते माझ्या हातचं आहे, आणि माझी चूकही त्या वहीत दिसत राहिलेली बरी.